हाव म्हणणारं शहर

काल ऑफिसातून घरी येताना टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये कागदी कंदील लागलेले दिसले. म्हणजे शरद आला म्हणायचं. सिंगापुरात बाराही महिने ऊन तेच आणि घामही तोच, त्यामुळे ऋतू बदलल्याचं आभाळाकडे बघून कळत नाही, दुकानदाराने सांगावं लागतं. कंदिलांखाली मूनकेकचे, म्हणजे चिन्यांच्या शरदातल्या सणाच्या मिठाईचे, डबे रचले होते आणि शेजारच्या फूड कोर्टमध्ये एका बाईंनी बारक्या पिवळ्या फुलांची जेली मांडली होती. काचेसारखी वडी आणि आत ती फुलं अडकलेली. मी एक घेतली. गोड दिसलं की मला राहवत नाही, आणि घरी कोणी विचारलं तर मी खाल्लेलं नसतं.

पहिला घास घेतला आणि जिभेच्या आधी नाकाला कळलं. त्या फुलाचं इंग्रजी नाव ऑस्मँथस. मराठीत त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही; माझ्या सासूबाईंनी त्याचं नाव ‘बारका बहर’ ठेवलं आणि आमच्या घरात तेच रूढ झालं. वास जर्दाळूचा, थोडासा मधाचा, थोडा सणाच्या दिवशीच्या स्वयंपाकघराचा. फूड कोर्टच्या त्या गोंगाटात, तळणाच्या धुरात, ट्रे उचलणाऱ्यांच्या खडखडाटात मी चमचा हातात धरून तसाच बसलो. मला एक ऑक्टोबर आठवत होता, हांगचौ आठवत होतं आणि झाडाखाली काचेच्या ग्लासाभोवती दोन्ही हात धरून बसलेल्या सासूबाई आठवत होत्या.

हांगचौ हे चीनमधलं जुनं शहर. त्याच्या मधोमध म्हणावं असं एक मोठं तळं आहे, पश्चिम सरोवर, आणि शहरातलं बरंचसं जुनं वैभव, म्हणजे पूल, मनोरे, देवळं, चहाचे मळे, त्या तळ्याच्या आसपास पांगलेलं आहे. ईराच्या शाळेला ऑक्टोबरात मोठ्या मुलांच्या परीक्षांमुळे काही दिवस सुट्टी होती. ईरा म्हणजे आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. मग मी, माझी बायको स्वाती, ईरा आणि सासूबाई असे चौघं निघालो. सहल कशासाठी, तर सासूबाईंचं मन रमावं म्हणून. खरं सांगायचं तर त्यांनी थोडं बोलावं म्हणून.

सासूबाई वरूडच्या. वरूड म्हणजे विदर्भातला संत्र्यांचा मुलूख. सासरे तिथल्या शाळेत मास्तर होते आणि गावाबाहेर त्यांचा लहानसा संत्र्याचा बगीचा होता. त्या वर्षी उन्हाळ्यात सासरे गेले. बगीचा पुतण्याने कसायला घेतला, घराला कुलूप लागलं आणि स्वाती आईला सिंगापूरला घेऊन आली. घराची किल्ली सासूबाईंनी रुमालाच्या गाठीत बांधून पर्समध्ये ठेवली होती. बसमध्ये, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे त्या मधूनच पर्स उघडायच्या आणि गाठ चाचपून पुन्हा बंद करायच्या. परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं होतं. स्वातीला वाटत होतं की आईने आता कायमचं इथे राहावं. ती कायम रहिवासी असल्यामुळे आईसाठी मोठ्या मुदतीचा पास मिळू शकत होता. ती विचारायची आणि सासूबाई म्हणायच्या, “पाहू.” मराठीत ‘पाहू’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

त्यांची अडचण मला कळत होती, कारण ती अडचण मीच होतो. लेकीचं घर म्हणजे जावयाचं घर. तिथे पाहुणी म्हणून जावं, कौतुक करून घ्यावं आणि आब राखून निघावं. म्हातारपण काढायला तिथे राहू नये, हे त्यांच्या मनात खोल रुजलेलं होतं. त्या माझ्याशी थेट बोलतही नसत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी समोर बसलेला असताना त्या स्वातीला सांगायच्या, “जवाईबापूले विचार, चहा घेतेत काय.” मी स्वातीला सांगायचो, “घेईन म्हणावं.” स्वाती दोघांकडे बघून म्हणायची, “मला पगार द्या आता.” ती कामात असली तर ईरामार्फत निरोप यायचा आणि वाटेत त्याचं इंग्रजी व्हायचं. यात राग नव्हता, रुसवा नव्हता. जावयाचा मान होता तो. पण त्या मानाच्या पलीकडे जायला मला वाट सापडत नव्हती.

दुसरी गोष्ट भाषेची. सासूबाई होकाराला ‘हाव’ म्हणतात. वऱ्हाडात सगळेच म्हणतात. मी पुण्याचा. आमच्याकडे हाव म्हणजे लोभ. ती सुटते, ती वाईट असते, आणि लहानपणी दुसरा लाडू मागितला की तिच्यावरून बोलणी बसतात. सिंगापुरातली आमची मराठी मंडळी बहुतेक पुण्या-मुंबईची. गणपतीत एका घरी आरतीनंतर कोणीतरी सासूबाईंना विचारलं, प्रसाद घेतलात का? त्या म्हणाल्या, “हाव.” समोरच्या बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, “अय्या, किती गोड!” त्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. पण वयाच्या सत्तरीत आपला होकार कोणाला गोड वाटावा, हे सासूबाईंना कुठेतरी लागलं असावं. त्या दिवसापासून त्या चारचौघांत ‘हो’ म्हणू लागल्या. नव्या चपलेनं चालावं तसं जपून जपून. मग ‘हो’सुद्धा कमी झालं आणि नुसती मान हलू लागली. घरात दिवसभर टीव्ही बोलायचा.

स्वातीला रात्री झोप येत नसे. “बाबा गेले ते गेले,” ती म्हणायची, “पण आई इथे माझ्यासमोर बसून जातेय.”

अशा घरातून आम्ही हांगचौला निघालो. आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी सहलीला निघालो की कामावर रुजू होतो. काय काय पाहायचं, कुठल्या दाराने आत जायचं, सूर्य कुठल्या बाजूला असेल, सगळं ठरलेलं. तुटका पूल, वीजशिखर मनोरा, लिंगयिनचं देऊळ, उडून आलेला डोंगर, चहाचे मळे, नदीकाठचा सहा सुसंवादांचा मनोरा. स्वाती म्हणते, पुणेरी हाव यालाच म्हणायचं.

पहिल्या सकाळी तळ्यावर गेलो तेव्हा पाण्यावर पातळ धुकं होतं. कमळं संपून त्यांची पानं तांबूस पडली होती, काठावरचे विलो पाण्यात टोकं बुडवून उभे होते आणि लांब कुठेतरी वल्ह्याचा आवाज येत होता. हवेत गारवा होता, सिंगापुरातला एसीचा नाही, खरा. सासूबाईंनी शालीचं टोक ओढून घेतलं आणि एक लांब श्वास घेतला. काठावरच्या फरशीवर एक आजोबा झाडूएवढा ब्रश पाण्यात बुडवून मोठाली चिनी अक्षरं लिहीत होते. शेवटचं अक्षर होईतो पहिलं वाळून जायचं. सासूबाई थांबल्या. सडा घातलेल्या अंगणाकडे बघावं तशा त्या फरशीकडे बघत राहिल्या. आजोबांनी हसून ब्रश त्यांच्यापुढे धरला. मला वाटलं त्या मागे सरतील. त्यांनी ब्रश घेतला, जरा तोलून पाहिला आणि फरशीवर सावकाश ‘श्री’ काढला. मास्तरांची बायको, वेलांटी कशी डौलदार आली होती.

आजोबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, “हाव! हाव!”

सासूबाईंनी चमकून वर पाहिलं. मग स्वातीकडे वळून, किती महिन्यांनी कोण जाणे, मोठ्याने म्हणाल्या, “पाह्य व माय, त्याले वाचता आलं!”

ईराने खुलासा केला. तिच्या शाळेतल्या अर्ध्या मैत्रिणी चिनी. “आजी, इन चायनीज ‘हाव’ मीन्स गुड. छान. ओके.”

“मंग आपलं काय वेगळं हाय?” सासूबाई म्हणाल्या. “चांगलं असलं तंच हाव म्हनते मानूस.”

त्यानंतर जे झालं त्याला सहल म्हणायचं की मिरवणूक, मला कळत नाही. त्या शहरात जो तो हाव म्हणत होता. तिकीटवाली हाव म्हणे, नावाडी हाव म्हणे, फोनवर बोलणारी माणसं हाव हाव हाव म्हणत रस्त्याने जात होती. आणि प्रत्येक ठिकाणी सासूबाईंचं उत्तर तयार. साखरेत भाजलेले चेस्टनट विकणाऱ्या बाईंनी पुडी पुढे करून काहीतरी विचारलं, त्यात कुठेतरी हाव होतं. सासूबाई म्हणाल्या, हाव. पुडी हातात आली. जुन्या बाजाराच्या रस्त्यावर रेशमी छत्र्यांचं दुकान होतं. दुकानदारीण एक छत्री उघडे, “हाव पू हाव?” असं विचारे, म्हणजे चांगली आहे की नाही, आणि सासूबाई प्रामाणिकपणे सांगत, “हाव.” मी शेजारच्या दुकानातून बाहेर येईपर्यंत तीन छत्र्या बांधून झाल्या होत्या.

“अहो, आईंनी तीन छत्र्या घेतल्या!” मी स्वातीला म्हणालो.

“घेतल्या नाहीत,” स्वाती हसू दाबत म्हणाली. “तिने फक्त मत दिलं.”

चहाचं तर विचारूच नका. सासूबाई कुठेही बसून ‘चहा’ म्हणायच्या आणि चहा यायचा. तो शब्द आपल्याकडे तिथूनच चालत आला हे मी त्यांना समजावून सांगणार होतो, पण त्यांना त्याचं आश्चर्य वाटलंच नव्हतं. शहाण्या माणसांना चहा कळतो, एवढंच त्यांचं म्हणणं. दूध नाही, साखर नाही, नुसतं हिरवं पाणी आणि तळाशी पानं. पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं, पण ग्लास संपवला.

तुटका पूल तुटलेला नाही. चांगला धडधाकट दगडी कमानीचा पूल आहे. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ एका बाजूने आधी वितळतो, मग लांबून तो अर्धाच दिसतो, म्हणून तुटका. सासूबाईंनी कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “धड पुलाले तुटका म्हनून राह्यले बिचाऱ्याले.” वीजशिखर मनोऱ्याला वर जायला चक्क सरकते जिने आहेत आणि तळाशी काचेमागे जुन्या, कोसळलेल्या मनोऱ्याच्या विटांचा ढीग जपून ठेवलाय. वर नवा सोनेरी मनोरा, खाली त्याचाच पडलेला पूर्वज. मी वरून दिसणाऱ्या देखाव्याचे फोटो काढत होतो. सासूबाई खाली विटांपाशीच थांबल्या होत्या. मी परत आलो तेव्हा पर्स उघडी होती आणि त्यांचा हात रुमालाच्या गाठीवर होता.

मग उडून आलेला डोंगर. लिंगयिनच्या देवळासमोर एक बुटका, खडबडीत, चुनखडीचा डोंगर आहे. आजूबाजूच्या डोंगरांशी त्याचं काही जुळत नाही. त्याच्या अंगावर आणि गुहांमधून शेकडो बुद्धमूर्ती कोरलेल्या आहेत, त्यात एक मोठ्या पोटाचा हसरा बुद्ध आहे, त्याला बघून ईराही हसली. पाटीवरची इंग्रजी गोष्ट तिनेच वाचून आजीला सांगितली, सिंगापुरी मुलांसारखं मधेच ‘लाह’ लावत. “आजी, धिस हिल ना, इट फ्लू फ्रॉम इंडिया! एक इंडियन मंक इथे आला आणि म्हणाला, हा तर आमच्याकडचा डोंगर, इकडे कसा आला? कोणी बिलीव्ह केलं नाही लाह. मग तो म्हणाला, आमच्या डोंगरात एक मंकी राहतो. त्याने हाक मारली, अँड द मंकी केम आउट!”

“कोन्त्या भाषेत मारली हाक?” सासूबाईंनी विचारलं.

ईराने पाटी पुन्हा पाहिली. “डझन्ट से.”

“आपल्याच भाषेत मारली असन. त्याबिगर माकड बाहीर येते काय?” सासूबाई डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या. पिवळ्या भिंतीवरून उदबत्तीचा धूर येत होता, झऱ्याचं पाणी वाजत होतं. मग त्या हळूच, कोणालाच उद्देशून नाही अशा, म्हणाल्या, “आला तं आला. मंग परत काहून नाई गेला?”

मला उत्तर द्यावंसं वाटलं. पण प्रश्न मला नव्हता आणि मधे निरोप्या नव्हता. देवळाच्या खानावळीत आम्ही शाकाहारी नूडल्स खाल्ल्या. सासूबाईंनी वरूडहून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि चौघांच्या वाडग्यांत चिमूट चिमूट टाकली. माझ्या वाडग्यात जरा जास्त. चटणी टाकताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वाडग्याकडे बघत होत्या.

आज वन-नॉर्थच्या ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारलं की डिसेंबरात हांगचौला जातोय, काय काय पाहण्यासारखं आहे? इतर कोणत्याही गावाबद्दल मी त्याला अर्धा तास पिडलं असतं. पण मी म्हणालो, तळं बघ, डोंगर बघ. त्याने विचारलं, आणि सहा सुसंवादांचा मनोरा? तोच सगळ्यांत भव्य आहे म्हणे. मी म्हटलं, तो आमचा राहिला. जन्मात पहिल्यांदा काहीतरी पाहायचं राहिल्याचं सांगताना माझा चेहरा बहुधा आनंदी दिसला असावा, कारण तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागला.

तो राहिला त्याचं कारण ‘बारका बहर’. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही शहराच्या कडेच्या एका खेड्यात गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऑस्मँथसची झाडंच झाडं. झाड काही दिसायला देखणं नाही, गडद हिरवं, साधं. फुलं तर जवळ गेल्याशिवाय दिसतही नाहीत, फांदीला मोहरी चिकटावी तशी. पण वास! गाडीतून उतरलो आणि चौघंही नाक वर करून उभे राहिलो. झाडांखाली टेबलं मांडलेली, लोक पत्ते कुटत, चहा पीत बसलेले, वाऱ्याची झुळूक आली की चहात फुलं पडत होती आणि कोणी ती काढून टाकत नव्हतं. माझं घड्याळाकडे लक्ष होतं. मनोऱ्याला जायचं तर लगेच निघायला हवं होतं.

ईराला मागच्या टेकडीवरच्या पायऱ्या चढायच्या होत्या. “मले नाई चढवत व आता,” सासूबाई स्वातीला म्हणाल्या. “तुमी जा.” स्वातीने माझ्याकडे पाहिलं. “तू बस आईजवळ,” ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून गेली. तिने ते मुद्दाम केलं का, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

झाडाखाली मी आणि सासूबाई. मधे टेबल, दोन ग्लास. निरोप पोचवायला कोणी नाही. मी फोनवर नकाशा पाहिला, तो बंद केला, पुन्हा पाहिला. सासूबाई पदर नीट करत होत्या. चहावाली आली, आम्हा दोघांच्या वयांच्या मधली, गुटगुटीत, हसऱ्या तोंडाची. तिने ग्लासांत पानं आणि वाळलेली फुलं टाकून थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, आणखी काहीतरी विचारलं, त्यात हाव होतं, सासूबाईंनी हाव म्हटलं, आणि दोन वाडग्यांत काहीतरी दाट, गुळगुळीत, वर पिवळी फुलं पेरलेलं आलं.

सासूबाईंनी चमचा चाखला. “हे तं अरारोट होय!” कमळाच्या कंदाचं पीठ होतं ते; हांगचौची खासियत. “लहानपनी ताप आला का माय द्याची.”

मी मान हलवली. त्या कोणाशी बोलल्या हे त्यांच्याही उशिरा लक्षात आलं असावं. मग एक झुळूक आली, फुलं पडली, एक त्यांच्या हातावर पडलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं. आणि माझ्याकडे न बघता, पण मलाच म्हणाल्या, “आपल्या बगीच्यात आंबिया बहर फुटला का असाच वास सुटे. पार घरापरेंत ये. तुमी पाह्यलाच नाई कधी. तुमी याचे दिवाळीले, अन् बहर याचा जानेवारीत.”

आणि मग त्या बोलत राहिल्या. बहर यावा म्हणून आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं, झाडाला तहान लागू द्यावी लागते. पानं सुकतात, बघवत नाही, मग पाणी सोडलं की एकदम फुलतं. ते सासरे मोठ्या धीराने करायचे आणि त्या मात्र त्यांच्या नकळत एखाद्या झाडाला बादलीभर पाणी घालून यायच्या. “त्या झाडाले बहर नाई याचा. मंग हे म्हनत, या झाडाले काय रोग लागला समजत नाई.” त्या हसल्या. हसता हसता डोळे भरले, ते त्यांनी पदराने टिपले, आणि माझ्यासमोर टिपले. सासरे गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होतो. मला त्या बाई किती आवडतात, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. स्वातीची आई म्हणून नव्हे. त्या झाडाला चोरून पाणी घालणाऱ्या म्हणून.

मी म्हणालो, “आई, तुम्ही इथेच राहा.”

“इथी? चीनमधी?”

“नाही हो, आमच्याकडे. टॅम्पिनीसला. माझं म्हणणं आहे हे, स्वातीचं नाही. पाहुण्या म्हणून नाही. राहा.” आणि पुणेरी माणसाला साजेसा एवढाच मुद्दा शेवटी सुचला, “घर तुमच्याशिवाय ओस वाटेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ, थेट. ओठ हलले. नेमकी त्याच वेळी चहावाली थर्मास घेऊन बाजूला उभी राहिली. “हाव पू हाव?”

“हाव,” सासूबाई म्हणाल्या.

ग्लास भरला. वाफ वर आली. ईरा धावत येऊन आजीच्या मांडीवर कोसळली, मागून स्वाती आली, आणि मी तसाच बसलो. तो होकार माझा की चहाचा? ऑफिसात मी प्रत्येक होकाराची लेखी खात्री करून घेणारा माणूस. इथे पुन्हा विचारायला जीभ उचलेना. पुन्हा विचारलं आणि ‘पाहू’ आलं तर? मनोऱ्याची वेळ टळून गेली होती. कोणीच त्याचं नाव काढलं नाही. तळ्यावर परत आलो तेव्हा अर्ध्याहून मोठा चंद्र पाण्यावर आला होता आणि मी त्याचाही फोटो काढायला विसरलो.

हॉटेलवर मी स्वातीला सगळं सांगितलं. “हाव म्हणाली?” तिने माझा दंड धरला. “कोणाला?”

“तेच तर कळलं नाही.”

परत आल्यावर दिवस नेहमीसारखे जाऊ लागले. सासूबाई बोलत होत्या, ते मात्र परत आलं होतं. खालच्या फूड कोर्टमधल्या चिनी आजीशी त्यांचं हाव-हाव सुरू झालं होतं. रेशमी छत्री घेऊन त्या उन्हात भाजी आणायला जात. पण बॅग अजून कोपऱ्यात उभी होती आणि तिकिटाची तारीख जवळ येत होती. आम्ही दोघं विचारत नव्हतो.

वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती, ती महिनाभर माहेरी येते. मुली रोज संध्याकाळी जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा वाजवून दाखवतात आणि ओळखेपर्यंत कोणाला काही मिळत नाही. कोजागिरीला भुलाबाई जाते. गंमत अशी की इथे सिंगापुरात मूनकेकच्या सणाचे कंदील लागतात तीही तीच भाद्रपदाची पौर्णिमा. त्या वर्षी सासूबाईंनी भुलाबाई बसवली नव्हती. दुःखाचं वर्ष होतं. पण कोजागिरीच्या संध्याकाळी समोरच्या ब्लॉकवर चंद्र आला तसं त्यांनी दूध आटवायला ठेवलं, हांगचौहून आणलेली वाळकी फुलं त्यात चिमूटभर टाकली, आणि घरभर तो वास पसरला. मग त्या स्टीलचा एक डबा घेऊन आल्या. झाकण घट्ट लावलेलं.

“ओळखा,” त्या म्हणाल्या आणि डबा हलवला.

खण् खण्.

“चॉकलेट?” ईरा म्हणाली. मग तिने कान लावला. “नो लाह आजी, धिस इज नॉट फूड. मेटल आहे.”

स्वाती म्हणाली, “सुपारी.” सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या. निरोप पोचवणारी स्वाती दोन हातांवर उभी होती, तरी मलाच म्हणाल्या, “तुमी सांगा, जवाईबापू.”

मी म्हणालो, “खडीसाखर.” माझी मजल गोडापर्यंतच.

त्यांनी झाकण काढलं. आत वरूडच्या घराची किल्ली होती. रुमाल नाही, गाठ नाही, नुसती किल्ली.

“पुतन्याले सांगतलं म्या सकाळी,” त्या म्हणाल्या. “घर भाड्यानं देऊन टाक म्हनलं. कुलूप लागलेलं घर चांगलं नाई रायत. हे किल्ली त्याले पाठवा. अन् तो काय पास असते तो काढा तुमी.”

स्वाती खुर्चीवर बसली आणि तोंडावर हात धरून रडू लागली. ईरा तिच्या गळ्यात पडली. मी डबा हातात घेऊन उभा. काहीतरी नीट, प्रसंगाला शोभेल असं बोलावं, म्हणून शब्द शोधत होतो, पण तोंडून निघालं ते इतक्या दिवसांचं साठलेलं.

“आई, त्या दिवशी झाडाखाली तुम्ही हाव म्हणालात, ते कोणाला?”

“तुमालेच!” सासूबाई जवळजवळ रागावल्याच. “तिनं मधातच गिलास भरला, त्याले म्या काय करू? मले वाटलं तुमाले समजलं.” त्यांनी दुधाचं पातेलं उतरवलं, पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. “घ्या. साय पाह्यजे काय वरतून?”

“हाव,” मी म्हणालो.